पानवडी गटातली दोन मतं

दिनांक १२ ऑगस्ट २०१६ रोजी मी लातूर महानगरपालिकेच्या खिडकीवर घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून चार हजार एकशे सत्याऐंशी रुपये भरले. त्या उन्हाळ्यात शहराला रेल्वेने पाणी आलं होतं आणि आमच्या नळाला चार महिन्यांत थेंब आला नव्हता. खिडकीवरचा कारकून म्हणालाही, "काका, पाणीपट्टी कुणीच भरत नाही सध्या." मी म्हणालो, "बिल आलंय ना? मग भरायचं." पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि वळलो, तर बाजूला टेबल टाकून मतदार नोंदणी चालू होती. टेबलासमोर एकही माणूस नव्हता. कोरा अर्ज आणि रिकामं टेबल एकत्र दिसलं की मला राहवत नाही. नव्या फ्लॅटचं वीजबिल पिशवीत होतंच. मी माझं आणि बायकोचं, इंदूचं, नाव पानवडी या आमच्या गावच्या यादीतून काढून लातूरच्या यादीत घालण्याचे अर्ज भरले. इंदूच्या सहीसाठी घरी जाऊन परत आलो. तिने कणकेच्या हाताने सही केली, कशावर ते विचारलं नाही. मी कागद पुढे केला की सही करायची, अशी तेव्हा आमच्या घरात पद्धत होती. ती आता बंद झाली आहे.

अर्जाची पोच मागून घेतली आणि घरी आलो. सकाळी अकरा ते साडेबारा या दीड तासात मी शिवलिंगअप्पा हालकुडे यांचं राजकारण संपवलं होतं. त्यांना ते सहा महिन्यांनी कळलं. मला त्यांच्या आधी आठ दिवस.

शिवलिंग आणि मी पानवडीत एका बाकावर शिकलो. औशापासून अकरा किलोमीटरवरचं गाव. त्यांचं कापडाचं दुकान, आमच्या घरी वडील मास्तर. पुढे लातूरला कॉमर्स कॉलेजला एका खोलीत राहिलो. मला जमाखर्चाची गोडी लागली आणि शिवलिंगला माणसांची. त्याचा ताळेबंद तीन वर्षांत एकदाही जुळला नाही. जेवढा फरक येईल तेवढा तो 'मग बघू' म्हणून उचंत खात्यात टाकायचा आणि उत्तराखाली दोन रेघा मारून सिनेमाला जायचा. परीक्षकांनी त्याला तीनदा नापास केलं. मी पहिल्या वर्गात पास झालो आणि एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो. तो गावी गेला आणि दोन वर्षांत ग्रामपंचायतीचा सदस्य झाला, पुढे सरपंच, आणि लोक त्याला अप्पा म्हणू लागले. चारचौघांत मीही म्हणू लागलो. तो मला कुठेही अनंताच म्हणायचा.

अप्पाचं सगळं राजकारण एका वाक्यावर उभं होतं. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांच्या आधी पुढारी माइकवर आशीर्वाद देतात. एकेक जण वीस-वीस मिनिटं. नवरदेव फेट्यात घामाघूम, नवरी पाटावर ताटकळत, आचारी वैतागलेला. अप्पाचा नंबर आला की तो माइक धरून म्हणायचा, "नवरदेव उन्हात उभा हाय. अक्षता टाका." आणि खाली बसायचा. मांडवात हशा पिकायचा, टाळ्या पडायच्या. या एका वाक्याने त्याने पंचक्रोशीतली निम्मी लग्नघरं बांधून ठेवली. मी त्याला एकदा विकासकामांच्या आकडेवारीचं चार पानी भाषण लिहून दिलं होतं. त्याने ते फार जपून ठेवलं आणि कधीच वाचलं नाही.

२००२ ला तो पंचायत समितीवर निवडून आला. त्या पाच वर्षांत अकरा हातपंप, गुरांच्या दवाखान्यावर पत्रे आणि गावापासून ओढ्यापर्यंत डांबरी रस्ता, एवढं त्याने केलं. ओढ्यावरचा पूल राहिला, कारण पूल जिल्हा परिषदेच्या हातात. त्या कामासाठी आम्ही एकदा लातूरला जिल्हा परिषदेच्या सभागृहात गेलो. सभा संपली होती. प्रत्येक खुर्चीसमोर एकेक माइक होता, बटण दाबलं की लाल दिवा लागायचा. अप्पा एका खुर्चीत बसला, बटण दाबलं, दिवा लागला. तो नुसता दिव्याकडे बघत बसला. शिपायाने उठवलं तेव्हा जिना उतरताना म्हणाला, "अनंता, तिथं एकदा बसायचं. हक्कानं."

त्यानंतर पंधरा वर्षं तो त्या खुर्चीच्या मागे होता. २००७ ला पानवडी गट महिलांसाठी राखीव झाला. सगळे म्हणाले वहिनींना उभं करा. महादेवीवहिनी म्हणाल्या, "मला भाषण येत न्हाई अन् तुमचं ऐकवत न्हाई." विषय संपला. २०१२ ला अप्पा उभा राहिला आणि नऊशे मतांनी पडला. पाडणारा अमरनाथ, रस्त्यांची कंत्राटं घेणारा तरुण. कधीकाळी अप्पाच्याच मोटारसायकलवर मागे बसून फिरायचा. २०१७ ला गट पुन्हा खुला राहिला आणि पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी वहिनींनी माझ्यादेखत सांगून टाकलं, "भावजी, तुम्ही साक्षीला हाव. ही शेवटची. ह्या डावाला न्हाई झालं तर ह्यांनी दुकानात बसायचं अन् कापड फाडायचं."

अप्पा म्हणाला, "कबूल."

माझ्याकडे बाहेरगावच्या मतदारांचं खातं होतं. हे समजायला आमच्याकडची रीत माहीत हवी. आमच्या भागातला माणूस पोरांच्या शिकवण्यांसाठी लातुरात खोली करून राहील, नोकरीसाठी पुण्याला जाईल, पण मत गावातच ठेवील. मत गावात असलं की लग्नपत्रिका येते, भांडणात तोंड घालता येतं, शेताच्या मोजणीला चार माणसं आपल्या बाजूने उभी राहतात. मतदानाच्या दिवशी जीपगाड्या निघतात आणि सगळं गाव गावात परत येतं. हे बरोबर नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर मी माझं नाव हलवलं होतं. आणि तरीही त्या जीपगाड्यांचं नियोजन मीच करायचो, कारण दुसऱ्या कुणाला ते नीट जमत नव्हतं. यातली विसंगती माझ्या लक्षात यायला हवी होती. पण एखादं काम पूर्ण झालं की मी त्याची फाइल बांधतो आणि विसरतो. ऑगस्टची फाइल बांधली गेली होती.

माझी बाहेरगावची वही २०१२ पासूनची. दोनशे चौदा नावं. गाव, फोन, कोणत्या गाडीत जागा, नाश्ता काय. ही वही मी नव्या छापील यादीशी ताडून पाहिली, क्रमांक तीनपासून. पहिली दोन नावं माझी आणि इंदूची होती. स्वतःचं खातं तपासावं असं कोणत्या हिशेबनिसाला सुचतं?

१६ फेब्रुवारीला मतदान झालं. मी सकाळी सहापासून औशाच्या चौकात मार्कर पेन खिशाला लावून उभा होतो. गाड्यांच्या काचांवर क्रमांक घालायला तो मी खास आणला होता. चार वाजेपर्यंत दोनशे बारा माणसं पोचली, मतदान करून बाहेर आल्याचे फोन आले, आणि मी प्रत्येकाच्या नावापुढे खूण केली. मग इंदूला घेऊन ऐटीत पानवडीच्या शाळेत गेलो. मतदान अधिकाऱ्याने यादी दोनदा खालीवर केली आणि म्हणाला, "तुमचं नाव इथं दिसत नाही."

"नीट बघा," मी म्हणालो. "मी दर निवडणुकीला इथंच मतदान करतो."

"इंदू अनंत, तेही नाही."

तेव्हा ऑगस्टची फाइल उघडली. त्या शाळेत मी पहिलीपासून शिकलो, पण तिथे एवढा मठ्ठपणा मी कधी दाखवला नव्हता. बाहेर आलो तर इंदू हळूच म्हणाली, "अहो, ती सही ह्याची होती का?"

"हळू बोल."

"सांगून टाका अप्पांना. आत्ताच सांगा."

"दोन मतांनी काय होतंय? दीड-दोन हजारांची आघाडी आहे."

हा माझा अंदाज होता. मी पतसंस्थेत कर्जप्रकरणांचे अंदाज काढतो, त्यातले बरेच बुडाले आहेत. शाळेमागे जाऊन मी खिशातल्या मार्करने डाव्या तर्जनीवर रेघ ओढली. इंदूपुढे पेन धरलं. ती म्हणाली, "मी नाही लावणार. मी पदर घेऊन बसते." आणि ती खरंच संध्याकाळपर्यंत हात पदरात घेऊन बसली, बायका विचारत राहिल्या, भाजलं का म्हणून. मी मात्र बोट वर करून फिरत होतो. अप्पाचा पुतण्या वैजनाथ, निवडणुकीची सगळी धावपळ त्याची, माझं बोट धरून म्हणाला, "सायेब, तुमची शाई लई सरळ हाय. आमची बघा, नुसती फासली." मी म्हणालो, "मी त्यांना नीट ओढायला सांगितली." त्याने विश्वास ठेवला. माझ्याबद्दल लोक असल्या गोष्टींवर सहज विश्वास ठेवतात.

२३ तारखेला औशाला मोजणी झाली. दुपारी दोनच्या सुमाराला निवडणूक अधिकाऱ्यांनी आकडे वाचले. शिवलिंग हालकुडे, सात हजार तीनशे सोळा. अमरनाथ यांचाही आकडा सात हजार तीनशे सोळा. आधी कुणाला कळलंच नाही, लोकांना वाटलं एकच आकडा चुकून दोनदा वाचला. फेरमोजणी मागितली. तेच आकडे. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघत होते आणि मी भिंतीकडे. सोळा अधिक दोन अठरा. एवढी सोपी बेरीज मी आयुष्यात केली नव्हती, आणि त्या मांडवात ती येणारा मी एकटाच होतो. इंदू घरी होती म्हणून एकटा.

मग चिठ्ठी. दोन सारख्या कागदांवर दोन नावं, सारख्या घड्या, स्टीलचा डबा. कार्यालयातल्या शिपाई सरजाबाईंना बोलावलं. त्यांनी हात धुतला, पदराला पुसला, डोळे मिटले आणि एक चिठ्ठी काढली. अमरनाथचं नाव निघालं. बाहेर गुलाल उधळला गेला. सरजाबाई अप्पाजवळ येऊन म्हणाल्या, "अप्पा, माझ्या हाताला काय कळतंय वो. मला तर वाचता बी येत न्हाई."

अप्पा म्हणाला, "तुमचा काय दोष, बाई. कुणाचं तरी निघणारच की."

येताना गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. औसा ते पानवडी अकरा किलोमीटर. त्यातल्या प्रत्येक किलोमीटरला मी सांगायचं ठरवलं आणि प्रत्येक किलोमीटरला पुढचा बरा वाटला. ओढ्याशी डांबर संपलं, गाडी दगडांवरून हेलकावे खात पाण्यात उतरली आणि अप्पा एवढंच म्हणाला, "एक मत, अनंता. एक कुठं गेलं असंल?"

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. हालकुड्यांच्या ओसरीवर गाव जमलं होतं, सगळ्यांचा उपास, आणि सगळे ते एक मत शोधत होते. वैजनाथने मला बोलावून घेतलं होतं. वही माझ्याकडे होती ना. "सायेब, एकेक नाव वाचा. कोण फिरलं ते आज काढतोच." मी वाचायला लागलो. मी क्रमांक तीनपासून वाचलं.

क्रमांक सत्त्याण्णव बसम्मा. वय सत्तरीच्या पुढे, उदगीरला लेकीकडे राहायची, मतदानाला औशापर्यंत एसटीने आणि पुढे आमच्या जीपने आली होती आणि महाशिवरात्रीला गावच्या महादेवाचं दर्शन घेऊन जाऊ म्हणून थांबली होती. ती ओसरीच्या कडेलाच बसलेली. वैजनाथ एकदम म्हणाला, "थांबा. बसम्मा, मतदानादिवशी तू अमरनाथच्या घरात गेली होतीस का न्हाई?"

"गेल्ते की. पाणी प्याया गेल्ते."

"पाणी प्याया? आमच्या गाडीतनं उतरलीस अन् त्यांच्या घरी पाणी?"

"ऊन लागलं, यप्पा. पहिलं दार त्यांचं होतं."

"अन् पिशवीत काय घातलं त्यांनी? लुगडं?"

"कसलं लुगडं? बघ की पिशवी." तिने पिशवी पालथी केली. त्यात एक चंची, बेलाची पानं आणि औषधाच्या गोळ्या होत्या. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, पिशवीत कशाला ठेवील, नेसलीय तेच असंल. बसम्मा आधी चिडून बोलत होती, मग तिचा आवाज बसत गेला आणि शेवटी ती नुसती मान हलवत राहिली. मी वहीतल्या क्रमांक सत्त्याण्णववर बोट ठेवून बसलो होतो. किती वेळ, ते मला माहीत आहे. ओसरीवर समोरच घड्याळ होतं. अकरा मिनिटं.

बाराव्या मिनिटाला मी उठलो. "वैजनाथ, तिला सोड. ते मत माझं होतं. माझं आणि इंदूचं. एक नाही, दोन."

"म्हंजी? तुम्ही अमरनाथला टाकलं?"

"कुणालाच टाकलं नाही. आमची नावंच इथं नाहीत. ऑगस्टमध्ये लातूरला नेली."

"कशापायी?"

"राहतो तिथं नाव पाहिजे. नियम आहे."

ओसरीवर चाळीसेक माणसं होती. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की हा नियम एकालाही माहीत नसावा, किंवा सगळ्यांनाच माहीत असावा.

"अन् ती शाई?"

"मार्कर माझाच होता."

वैजनाथने दोन्ही हात डोक्याला लावले. "आरं देवा! समद्या गावात नियमानं चालणारा एक माणूस, अन् तो आमचाच!"

अप्पा इतका वेळ खांबाला टेकून गप्प होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे लाल. त्याने विचारलं, "अर्जाची पोच घेतलीस का, अनंता?"

"घेतली."

"बरूबर आणली असशील."

मी आणली होती. पिशवीतून काढून दिली. त्याने ती बराच वेळ वाचली, मागची बाजूही पाहिली. "लई नीट भरलायस," तो म्हणाला आणि परत दिली. "मी असा एक कागद जरी भरला असता तर बी.कॉम. झालो असतो." कुणीही हसलं नाही. मग तो उठला, बसम्मापुढे वाकला, तिच्या पायांना हात लावला आणि वैजनाथलाही वाकायला लावलं. "आई, पोरगं चुकलं. मी बी गप बसलो, मी बी चुकलो."

आतून महादेवीवहिनी भगरीची ताटली घेऊन आल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी ताटली माझ्या हातात दिली, वर चमचाभर जास्तीचं तूप घातलं आणि आत गेल्या. पुढच्या दिवाळीला त्यांच्याकडून मला सफारीचं कापड आलं. तेव्हापासून दरवर्षी येतं. इंदू म्हणते, एवढा आहेर तर जावयालाही कुणी करत नाही.

अप्पाने शब्द पाळला. पुढच्या सोमवारी तो दुकानात गादीवर बसला आणि अजून बसतो. २०२२ ला जिल्हा परिषदेची मुदत संपली, मग काही वर्षं निवडणुकाच नव्हत्या, प्रशासक होता. आता होणार म्हणतात आणि पानवडी गट पुन्हा महिलांसाठी सुटला आहे. वैजनाथ सारखा दुकानात येऊन सांगतो की वहिनींचं मन वळवा. अप्पा मीटरपट्टी खाली न ठेवता म्हणतो, "तूच इचार." वैजनाथ आत जातो आणि लगेच बाहेर येतो. लग्नांत अप्पाला अजून माइक देतात. तो तेच वाक्य बोलतो, फक्त हल्ली कधी मी शेजारी असलो तर आधी माझी ओळख करून देतो: "हे आमचे अनंतराव. ह्यांच्या कृपेनं मी दुकानात हाय." मांडव हसतो. मीही हसतो. ओढ्यावर पूल अजून नाही, पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीची पोरं दोन-दोन दिवस शाळेत येत नाहीत, आणि तेव्हा अप्पा मला फोन करत नाही. इतर दिवशी करतो.

मी येत्या ३१ मार्चला निवृत्त होतोय. पानवडीला जाऊन राहायचं ठरलं आहे. राहायला गेलो की नावं परत गावात नेण्याचे अर्ज भरीन. आधी भरणं नियमात बसत नाही. या वेळी इंदू वाचून सही करणार आहे.

त्या महाशिवरात्रीला अप्पाने मला सांगितलं होतं की बसम्माचं परतीचं भाडं दे, यायचं-जायचं दोन्ही द्यायचं ठरलं होतं, यायचं तिला मिळालं होतं. मी पैसे काढून पुढे केले. ती म्हणाली, "तुज्या हातचं नगो. तुला ठावं होतं, अन् तू वाचत बसलास." ती पैसे न घेता गेली. नंतर मी दोनदा उदगीरला माणसाबरोबर पाठवले, दोन्ही वेळा परत आले. तिसऱ्यांदा स्वतः जाईन म्हणत राहिलो, गेलो नाही. ती अजून लेकीकडेच असते. पानवडी ते उदगीर, ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीने, छप्पन्न रुपये. ते द्यायचे आहेत.